विनोदी चित्रपटाची पुनर्निर्मिती आणि प्रेक्षकाची साशंकता

एखाद्या लोकप्रिय विनोदी चित्रपटाची नव्याने निर्मिती होणार अशी वार्ता प्रसिद्ध झाली की प्रेक्षकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा काळजीची असते. जुन्याला हात लावू नये, हा तिचा सर्वसाधारण आशय होय. गंभीर कथानकांच्या बाबतीत ही काळजी इतक्या तीव्रतेने व्यक्त होताना आढळत नाही. देवदासाची कथा हिंदी पडद्यावर १९३६, १९५५ आणि २००२ अशी तीन वेळा अवतरली. तुलना झाल्या, मतभेदही झाले. परंतु ती तिसऱ्यांदा सांगण्याचा अधिकारच कोणी नाकारला नाही. विनोदी चित्रपटाच्या वाट्याला मात्र पहिले दृश्य चित्रित होण्यापूर्वीच अविश्वास येतो. हा अविश्वास कोठून येतो आणि तो कितपत समर्थनीय आहे, याचा विचार प्रामुख्याने मराठी व अनुषंगाने हिंदी चित्रपटांच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

या संदर्भात रीमेक, सिक्वेल आणि रिबूट अशा तीन संज्ञा प्रचारात आहेत. निर्मात्याच्या दृष्टीने त्यांत भेद आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो पुसट आहे, कारण तिन्ही ठिकाणी त्याला एकच प्रश्न पडतो : ओळखीच्या माणसांच्या जागी आता कोण आले आहे? म्हणून येथे 'पुनर्निर्मिती' ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे.

मूळ कोणते?

साशंक प्रेक्षक ज्या चित्रपटांना 'मूळ' मानतो, त्यांपैकी बरेच चित्रपट स्वतःच पुनर्निर्मिती आहेत, ही बाब प्रथम लक्षात घ्यावयास हवी. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला आहे, आणि त्या हिंदी चित्रपटामागे 'जय मा काली बोर्डिंग' (१९५५) हा बंगाली चित्रपट आहे. महेश कोठारे यांचा पहिला दिग्दर्शित चित्रपट 'धूमधडाका' (१९८५) हा 'प्यार किये जा' (१९६६) वरून आला, तर 'प्यार किये जा' श्रीधर यांच्या 'काधलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ चित्रपटावरून. 'हेरा फेरी' (२०००) चे मूळ मल्याळम 'रामजी राव स्पीकिंग' (१९८९) मध्ये आहे. 'चुपके चुपके' (१९७५) पूर्वी बंगालीत 'छद्मबेशी' (१९७१) होऊन गेला होता. अशा वंशावळी आणखीही देता येतील.

यावरून प्रेक्षकाची साशंकता दांभिक आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. १९८५ साली 'धूमधडाका' पाहणाऱ्या बहुसंख्य मराठी प्रेक्षकांच्या मनात तमिळ चित्रपटाची कोणतीही स्मृती नव्हती, आणि हिंदी चित्रपटाची असली तरी ती जवळजवळ दोन दशकांपूर्वीची होती. चित्रपट काढण्याची स्वप्ने पाहणारा मुलगा आपल्या धनवान बापाला भयपटाची कथा ऐकवतो, हा प्रसंग तमिळमध्ये नागेश व बालय्या यांनी, हिंदीत मेहमूद व ओमप्रकाश यांनी आणि मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे व शरद तळवलकर यांनी रंगवला. प्रसंगाचा सांगाडा एकच आहे. पण तळवलकरांच्या धनाजीराव वाकड्यांची भीती ही गावाकडच्या, पैसा राखून असलेल्या मराठी गृहस्थाची भीती आहे, आणि खोट्या श्रीमंत बापाच्या सोंगात वावरणाऱ्या अशोक सराफ यांचा तो खोकल्याजवळ जाणारा निरर्थक उद्गार तर कोणत्याही मूळ संहितेत शोधून सापडणार नाही. कथानक उसने असले तरी हसू येथले आहे. 'बनवाबनवी'च्या बाबतीत हे काम वसंत सबनीस यांच्या लेखणीने केले. वगनाट्य आणि विनोदी कथा यांत मुरलेल्या लेखकाने लिहिलेले संवाद असल्याने बंगाली बोर्डिंग पुण्यात आले, आणि ते बाहेरून आले आहे याचा पत्ता लागला नाही.

तात्पर्य, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणारी पुनर्निर्मिती आणि त्याच भाषेत, त्याच प्रेक्षकापुढे, काही वर्षांनी परत येणारी पुनर्निर्मिती या दोन अगदी निराळ्या घटना आहेत. पहिलीत प्रेक्षकाची पाटी कोरी असते. दुसरीत ती भरलेली असते, आणि जे लिहिले आहे ते पुसण्यास तो तयार नसतो.

पाठ झालेले हसू

विनोदाच्या मीमांसेत अनपेक्षिततेला महत्त्वाचे स्थान आहे. अपेक्षा एका दिशेने वाढवावयाची आणि तिचा भंग भलत्याच दिशेने करावयाचा, ही विनोदाची ओळखीची रीत आहे. हे खरे मानले तर ऐकलेला विनोद पुन्हा ऐकताना हसू ओसरावयास हवे. प्रत्यक्षात 'बनवाबनवी'तील मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचा प्रसंग ज्यांनी पन्नास वेळा पाहिला आहे, तेच सर्वांत आधी हसू लागतात. पुष्कळदा सुधीर जोशी यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडण्यापूर्वीच.

या बदलास दूरचित्रवाणी कारणीभूत आहे. अल्फा मराठी (१९९९) आणि ई-टीव्ही मराठी (२०००) या वाहिन्या सुरू झाल्यानंतर ऐंशी-नव्वदच्या दशकांतील मराठी विनोदी चित्रपट सुट्टीच्या दुपारी घरोघर पुनःपुन्हा दिसू लागले. चित्रपटगृहात एकदा पाहिलेला चित्रपट आठवतो. घरात जेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना, पाहुण्यांशी बोलताना तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला चित्रपट पाठ होतो. आज महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात असलेला विद्यार्थी लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या निधनानंतर (१६ डिसेंबर २००४) जन्मलेला आहे. तरीही पार्वतीच्या वेषातील परशुराम त्याला घरातल्या माणसासारखा परिचित असतो. त्याने तो चित्रपट 'पाहिला' असे म्हणण्यापेक्षा त्याला तो वडिलार्जित मिळाला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

अशा स्थितीत हसण्याचे स्वरूपच पालटते. आश्चर्यातून येणाऱ्या हसूची जागा प्रतीक्षेतून येणारे हसू घेते. वाक्य येणार हे ठाऊक असते, ते आले की ओळख पटल्याचा आनंद होतो, आणि शेजारी बसलेल्यालाही ते ठाऊक आहे या जाणिवेने तो द्विगुणित होतो. पुनर्निर्मितीची खरी अडचण येथे आहे. तिने जुनेच विनोद पुन्हा सादर केले तर ते नक्कल वाटतात. नवे केले तर ज्या प्रतीक्षेने प्रेक्षक आला आहे, तिला काहीच मिळत नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात वाङ्मयानंदाची उपपत्ती 'सविकल्प समाधी' अशी मांडली होती. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण आपले भान सोडत नाही, असा तिचा आशय. पुनर्निर्मितीच्या प्रेक्षकाला समाधी लागणेच अवघड होते, कारण त्याच्या मनात विकल्प फार होतात. पडद्यावर एक धनंजय माने दिसत असतो आणि कानात दुसरा बोलत असतो.

लोककलेने हा पेच फार पूर्वी सोडवला होता, असे दिसते. तमाशातील गण, गवळण, बतावणी यांचा क्रम प्रेक्षकाला ठाऊक असे. मावशी येणार आणि ती कृष्णाशी हुज्जत घालणार हेही ठाऊक असे. परंतु त्या चौकटीत सोंगाड्या जे बोले ते त्या गावचे, त्या दिवसाचे असे. चौकट जुनी आणि शब्द ताजा, ही व्यवस्था ओळखीचा आणि आश्चर्याचा, असे दोन्ही आनंद एकाच वेळी देत होती. चित्रपटाला हे सहजासहजी साधत नाही, कारण तेथे चौकटीबरोबर शब्दही गोठलेले असतात.

भूमिका कोणाची?

मराठी प्रेक्षक सरसकट परंपरानिष्ठ आहे, असेही म्हणता येत नाही. रंगभूमीवर तोच प्रेक्षक निराळा वागतो. ब्रँडन थॉमस यांच्या 'चार्लीज आंट' (१८९२) या प्रहसनावरून आचार्य अत्रे यांनी 'मोरूची मावशी' लिहिले. अत्र्यांच्या काळात बापूराव माने यांनी गाजवलेली मावशी ऐंशीच्या दशकात विजय चव्हाण यांनी पुन्हा उभी केली, आणि पुढे ती भरत जाधव यांच्याकडे आली. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' (१९७५) मधील मंजुळा भक्ती बर्वे यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. तरीही नंतर अमृता सुभाष आणि हेमांगी कवी यांनी ती केली. तुलना अटळ होती व ती झाली. परंतु 'आता कोणी मंजुळा करूच नये' अशी मागणी झाली नाही. उलट, या पिढीतील मंजुळा कोण, हे पाहण्याचे कुतूहल होते.

हा फरक दोन कलांच्या स्वरूपातून येतो. नाटकातील भूमिका ही गादीसारखी असते. तिच्यावर कोणीतरी बसावयाचेच असते, नाही तर नाटक बंद पडते. दर प्रयोगाला तोच नटही थोडा निराळा असतो, म्हणून 'मूळ प्रयोग' अशी एक निश्चित वस्तू शिल्लक राहत नाही. चित्रपटात नट आणि भूमिका यांच्यामध्ये फट उरत नाही. परशुराम ही भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी 'केली' असे व्याकरणदृष्ट्या म्हणता येते, पण प्रेक्षकाच्या लेखी परशुराम म्हणजेच बेर्डे. विनोदी चित्रपटात हे अद्वैत अधिक घट्ट असते, कारण विनोद अर्थापेक्षा कालमापनात राहतो. वाक्यापूर्वीचा अर्धा क्षण, मान वळवण्याचा वेग, शब्द गिळण्याची लकब यांतील काहीही संहितेत लिहिलेले नसते, आणि म्हणून संहितेबरोबर दुसऱ्याच्या हाती देताही येत नाही.

'झपाटलेला' (१९९३) आणि 'झपाटलेला २' (२०१३) यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या चित्रपटामागे 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन भयपटाची कल्पना होती, आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने तिला मराठी चेहरा दिला. वीस वर्षांनी त्रिमिती तंत्रात आलेल्या दुसऱ्या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजासह तात्या विंचू परतला. लक्ष्या बोळके मात्र नव्हता, तेथे त्याचा मुलगा होता. बाहुला पुन्हा आणता येतो, माणूस आणता येत नाही, इतकेच म्हणून हा विषय संपत नाही. तात्या विंचू स्वतः विनोदी नाही. तो खुनशी आहे. पहिल्या चित्रपटातले हसू विंचूच्या धमक्यांतून येत नव्हते. त्या धमक्या ऐकून ज्याची बोबडी वळते, आणि जे घडले ते सांगूनही ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्या साध्या शब्दभ्रमकाराच्या भेदरलेल्या चेहऱ्यातून ते येत होते. खलनायक लोकप्रिय झाला म्हणून त्याला परत आणले, आणि त्याला विनोदी बनवणारा दुसरा चेहरा हरवलेला राहिला. साशंक प्रेक्षकाला जे चटकन 'जाणवते' पण मांडता येत नाही, ते बहुधा हेच.

परिस्थितीचा धागा

नट जिवंत असले आणि परतले, तरी प्रश्न सुटतो असे नाही. 'नवरा माझा नवसाचा' (२००४) आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झालेला त्याचा दुसरा भाग यांत सचिन, सुप्रिया पिळगांवकर आणि अशोक सराफ तिघेही आहेत. प्रेक्षकांनी दुसऱ्या भागाला प्रतिसादही चांगला दिला. पहिल्या भागातील गणपतीपुळ्याचा प्रवास एस.टी.चा होता, दुसऱ्यातील कोकण रेल्वेचा. वाहक असलेले अशोक सराफ आता तिकीट तपासनीस झाले. हा बदल वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु एस.टी.चा वाहक हा त्या रात्रभराच्या गावाचा पाटील असतो. कोण कोठे बसले, कोणाचे कोणाशी बिनसले, गाडी कोठे थांबावयाची, हे सर्व त्याच्या घंटीच्या दोरीला बांधलेले असते. तिकीट तपासनीस डब्यात येतो आणि जातो. पहिल्या चित्रपटाचा विनोद ज्या एकत्र कोंडलेल्या समाजावर उभा होता तो डब्याडब्यांत वाटला गेला, की मग ओळखीच्या चेहऱ्यांवर अधिक भार टाकावा लागतो.

असाच, पण अधिक ठळक दाखला 'चश्मे बद्दूर'चा आहे. सई परांजपे यांच्या १९८१ च्या चित्रपटाची डेव्हिड धवन यांनी केलेली पुनर्निर्मिती ५ एप्रिल २०१३ रोजी प्रदर्शित झाली, आणि मूळ चित्रपटाची संस्कारित प्रतही त्याच दिवशी पुन्हा चित्रपटगृहांत आली. मूळ आणि अनुकृती एकाच दिवशी तिकीट काढून पाहण्याची अशी संधी दुर्मीळ होय. परांजपे यांची दिल्ली ही विद्यार्थ्यांच्या उधारीची दिल्ली आहे. पानवाल्या लल्लनमियाँची (सईद जाफरी) वही, तिघांत मिळून भागवायचा खर्च आणि दारोदार साबणाची पावडर विकणारी नायिका यांतून त्या तिघांचे लहानसे जग उभे राहते. खोटे बोलून मैत्री मोडण्याचा डाव त्या जगात गंभीर ठरतो, कारण त्या मुलांकडे मैत्रीशिवाय फारसे काही नाही. २०१३ मध्ये कथा गोव्यात गेली. हिंदी चित्रपटाचा गोवा हा बहुधा सुट्टीचा गोवा असतो. तेथे राहणाऱ्या माणसाचे भाडे थकते, हे त्या चित्रपटांना क्वचितच सुचते. सुट्टीवर असल्यासारख्या तरुणांची उधारी गंमत म्हणून उरते, गरज म्हणून नाही. विनोद मोठ्याने होऊ लागला याचे कारण दिग्दर्शकाच्या अभिरुचीत शोधले जाते. ते अंशतः बरोबरही असेल. पण खालचा ताण गेल्यावर आवाज वाढवण्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

'बनवाबनवी'वरून निघालेल्या 'पेइंग गेस्ट्स' (२००९) या हिंदी चित्रपटाचे हेच झाले. साडी नेसलेले पुरुष आले, घरमालक आला. परंतु कथा थायलंडमध्ये नेल्यामुळे घर न मिळण्यामागचा मराठी मध्यमवर्गीय नैतिक धाक मागे राहिला. लीलाबाई काळभोर अविवाहित तरुणांना जागा देत नाहीत, हा त्या कथेचा अलंकार नाही. तो तिचा आस आहे. पुण्यासारख्या शहरात खोली शोधत हिंडलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता, म्हणून स्त्रीवेषाचा अतिरेक पचला.

साशंकतेची दुसरी बाजू

येथवर साशंक प्रेक्षकाची बाजू घेतली. ती सर्वस्वी घेता येणार नाही. 'घोस्टबस्टर्स' (१९८४) या अमेरिकन विनोदी चित्रपटाची पॉल फीग यांनी २०१६ मध्ये पुनर्निर्मिती केली आणि चारही मुख्य भूमिका स्त्रियांना दिल्या. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याच्या झलकेला विक्रमी नापसंती मिळाली, आणि अभिनेत्री लेस्ली जोन्स यांना वर्णद्वेषी शिवीगाळ सोसावी लागली. चित्रपटात उणिवा होत्या, पण त्या पाहण्यापूर्वीच निवाडा झालेला होता. पुढे २०२१ मध्ये मूळ दिग्दर्शकाचे पुत्र जेसन राइटमन यांनी काढलेल्या भागात २०१४ साली निवर्तलेल्या हॅरॉल्ड रामिस यांची संगणकीय प्रतिमा पडद्यावर आणली गेली, आणि तिला पुष्कळांनी डोळे भरून पाहिले. जिवंत स्त्रिया नकोत आणि मृत नटाची प्रतिमा चालेल, ही निवड कलेच्या निकषावर झाली असे मानणे कठीण आहे. ती मालकीच्या भावनेतून आलेली दिसते.

भारतीय उदाहरण इतके कटू नसले तरी मालकीची भावना तेथेही आहे. 'हेरा फेरी'च्या तिसऱ्या भागात कार्तिक आर्यन असणार असे नोव्हेंबर २०२२ मध्ये समजताच अक्षय कुमार यांच्यासाठी मोठा गदारोळ झाला. मे २०२५ मध्ये परेश रावल बाहेर पडल्याची बातमी आली तेव्हा तो पुन्हा झाला, आणि जूनमध्ये ते परतल्याचे कळताच ओसरला. पटकथा कशी आहे, हा प्रश्न दोन्ही वेळी मागच्या बाकावर होता. 'फिर हेरा फेरी' (२००६) मध्ये तिन्ही नट होते आणि तरीही पहिल्या भागातील थकलेल्या भाड्याची, बेकारीची चणचण तेथे पातळ झाली होती, याचा विसर पडलेला दिसतो. बाबूराव गणपतराव आपटे हा मराठी माणूस हिंदी प्रेक्षकाला इतका हास्यास्पद का वाटतो, हे तर मराठी चाहत्यानेही कधी फारसे विचारले नाही.

चाहत्यांची स्मृती निवडक असते. 'बनवाबनवी'तील खोटेपणाची किंमत प्रामुख्याने तीन तरुणी आणि एक वृद्धा मोजतात, आणि शेवटी सर्वांना क्षमा मिळते. पाठांतराच्या आनंदात हे नजरेआड होते. या बाबतीत मराठी समीक्षेचेही योगदान तोकडे आहे. 'श्वास' (२००४) सारख्या चित्रपटावर लिहिण्यास उत्सुक असलेल्या अभ्यासकांनी कोठारे-पिळगांवकर यांच्या चित्रपटांना दीर्घकाळ 'निव्वळ करमणूक' म्हणून बाजूला ठेवले. ते चित्रपट का टिकले, याचे विवेचन कोणी केले नाही म्हणून ते जतन करण्याचे काम चाहत्यांवर पडले, आणि त्यांनी ते त्यांना येत असलेल्या एकमेव रीतीने, म्हणजे वाक्ये पाठ करून, केले. निर्मात्यांनाही मग तीच वाक्ये म्हणजे चित्रपट, असे वाटू लागले. नव्या चित्रपटात जुनी वाक्ये पेरली जातात आणि टाळ्या घेतल्या जातात, ते यामुळेच.

'बनवाबनवी'ची पुनर्निर्मिती करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाला सत्तर रुपयांचा प्रसंग टाळून लीलाबाईंच्या दारापासून सुरुवात करता येईल. ते दार अद्याप बंद आहे. अविवाहितांना जागा न देणाऱ्या गृहनिर्माण संस्था पुण्या-मुंबईत आजही आहेत; त्यांच्या अटींत जात, धर्म आणि आहार यांची भर पडते, कधी उघडपणे, कधी दलालाच्या तोंडून. अनामत रक्कम, नोंदणीकृत करारनामा, पोलिसांकडील भाडेकरू नोंद, फाटकावरील पहारेकऱ्याचा कॅमेरा, इतक्या चाळण्यांतून आज सोंग आत न्यावे लागेल. अशा ठिकाणी एखाद्या तरुणाला नेमके कोणाचे सोंग घ्यावे लागते, हे दाखवणारी संहिता लिहिली गेली, तर तिच्यात धनंजय माने नावाचा कोणी असण्याची आवश्यकताही राहणार नाही.